ते एक्केचाळीस टक्के गेले कुठे?

माझा एक मित्र सनदी लेखापाल आहे. तीस वर्षं लोकांचे ताळेबंद तपासण्यात गेली, त्यामुळे रकान्यात नीट मांडलेल्या आकड्यावर त्याची जी श्रद्धा आहे ती आमच्यापैकी कित्येकांची देवावरही नसेल. मध्यंतरी त्याला मुलीसाठी कॉम्प्युटर जुळवायचा होता. बजेट बेताचं, म्हणून ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड घ्यायचं ठरलं. त्या भावात दोनच नावं फिरून फिरून समोर येत होती: एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६०, सहा जीबीवालं, आणि एएमडीचं आरएक्स ५८०, आठ जीबीवालं. गड्याने कागदावर दोन रकाने पाडले, आकडे उतरवले, खाली दुहेरी रेघ मारली आणि निकाल दिला. ५८० हे १०६० पेक्षा ४१ टक्क्यांनी ताकदवान. ज्यांनी त्या काळात १०६० घेतलं ते नावाला भुलले. मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य आलं, "आकडे खोटं बोलत नाहीत."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता त्याला लेखी उत्तर द्यावं म्हणतो. तोंडी द्यायची संधी मित्राने दिली नाही, हेही कारण आहेच.

आधी तो कागद. त्यातला एकही आकडा चुकलेला नाही, हे कबूल करून टाकतो. एप्रिल २०१७ मध्ये आलेल्या ५८० मध्ये शेडर कोर २३०४. जुलै २०१६ मध्ये आलेल्या १०६० मध्ये १२८०. मेमरीचा रस्ता इकडे २५६ बिट रुंद, तिकडे १९२. त्या रस्त्यावरून सेकंदाला इकडे २५६ जीबी माल जातो, तिकडे १९२ जीबी. मेमरी आठ विरुद्ध सहा. आणि शेवटी तो मानाचा आकडा, टेराफ्लॉप. एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिती क्रिया. ५८० चे ६.१७, १०६० चे ४.३७. भागाकार केला की ४१ टक्के वर. पहिली किंमतही ५८० ची कमी होती, २२९ डॉलर विरुद्ध २४९. एकूण काय, खटला एकतर्फी.

फक्त एक भानगड आहे. दोन्ही कार्डं शेजारी ठेवून खेळ लावले तेव्हा हे ४१ टक्के कोणालाच सापडले नाहीत. २०१७ मधल्या चाचण्यांत दोन्ही कार्डं बरोबरीने धावत होती. डायरेक्टएक्स ११ वरच्या कितीतरी खेळांत १०६० चार पावलं पुढेच असायचं. पुढे नव्या धाटणीचे खेळ आले तसं पारडं ५८० कडे झुकलं, पण किती? पाच टक्के, फार तर दहा. पुस्तकात ४१ येणे दिसतात आणि तिजोरीत दहाही नाहीत, अशी वही एखाद्या अशिलाने समोर ठेवली असती तर माझ्या या मित्राने त्याला रात्रभर झोपू दिलं नसतं. इथे मात्र तो स्वतःच निवांत झोपला.

आता "आकडे खोटं बोलत नाहीत" या ब्रह्मवाक्याकडे वळू. बोलतात. याच एनव्हिडियाने सप्टेंबर २०१४ मध्ये जीटीएक्स ९७० विकायला काढलं, तेव्हा सोबतच्या पत्रकात ६४ आरओपी आणि २ एमबी एल-टू कॅश असं छापलं होतं. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीला कबूल करावं लागलं की आरओपी ५६ आहेत, कॅश १.७५ एमबी आहे, आणि चार जीबी मेमरीपैकी साडेतीन जीबी एका वेगाची, उरलेली अर्धी जीबी भलत्याच मंद वेगाची आहे. अमेरिकेत दावा झाला, आणि २०१६ मध्ये कार्डामागे ३० डॉलर देण्याच्या बोलीवर तडजोड झाली. म्हणजे छापील रकाना हा शिलालेख नव्हे. हे उदाहरण मी मुद्दाम एनव्हिडियाचं घेतलं. मी हिरव्या पक्षाचा वकील आहे असा कोणाचा समज व्हायला नको.

पण ५८० आणि १०६० च्या बाबतीत खोटेपणा झालेलाच नाही. इथे घोळ वेगळा आहे, आणि माझ्या मते जास्त चिवट आहे.

टेराफ्लॉप हा आकडा कोणी मोजत नाही, तो गुणतात. कोरची संख्या गुणिले दोन गुणिले क्लॉक, संपलं. १२८० गुणिले दोन गुणिले १७०८ मेगाहर्ट्झ केलं की १०६० चे ४.३७ येतात. २३०४ गुणिले दोन गुणिले १३४० केलं की ५८० चे ६.१७. या गुणाकारात गृहीत काय धरलंय? प्रत्येक कोर, प्रत्येक क्षणी, न थांबता काम करतोय. हॉलमध्ये हजार खुर्च्या आहेत म्हणून प्रयोगाचं उत्पन्न हजार तिकिटांचं धरणारा नाट्यनिर्माता महिनाभरात कर्जबाजारी होतो. खुर्च्या मोजणं वेगळं, गल्ला मोजणं वेगळं.

पहिली गळती या गुणाकारातच आहे. एनव्हिडिया जो बूस्ट क्लॉक छापते तो जपून सांगितलेला असतो. बऱ्या पंख्याचं १०६० खेळ चालू असताना १८५०, १९०० मेगाहर्ट्झवर सहज राहतं. एएमडीने छापलेले १३४० ही मात्र वरची मर्यादा. एकाने महिन्याचा खात्रीचा पगार सांगितला, दुसऱ्याने ओव्हरटाइम धरून सांगितला, आणि आपण दोघांची वजाबाकी केली. १०६० चे १९०० धरून गुणाकार पुन्हा मांडला की ते ४.८६ वर जातं आणि ४१ टक्क्यांचे २७ होतात. एक स्क्रू न उघडता चौदा टक्के गेले.

उरलेले २७ कोरच्या आत मुरले आहेत. हे जरा सावकाश सांगतो, कारण सगळी मेख इथे आहे.

ग्राफिक्स कार्ड एकेका पिक्सेलचं काम सुटं करत नाही, पंगत बसवतं. एनव्हिडियाची पंगत ३२ पानांची. ५८० ज्या घराण्यातलं आहे त्या जीसीएनची ६४ पानांची. पंगतीचा नियम एकच: सगळ्यांना एकाच वेळी एकच पदार्थ. समजा प्रोग्राममध्ये फाटा आला, काहींना भात हवा, काहींना पोळी. मग आधी भाताची फेरी फिरणार, पोळीवाले रिकाम्या पानाकडे बघत बसणार. नंतर पोळीची, तेव्हा भातवाले बसणार. पंगत जितकी लांब तितकी ही खोळंबून बसणारी माणसं जास्त. त्यातून जीसीएनचा वाढपी एका फेरीत सोळाच पानांना वाढतो. चार फेऱ्या झाल्या की ६४ पानांचा एक पदार्थ पुरा. मेमरीतून माल यायला उशीर झाला की दुसरी पंगत तयार हवी, नाहीतर वाढपी हात चोळत उभे. ५८० मध्ये असे ३६ मंडप आहेत, प्रत्येकात चार वाढपी. त्या सगळ्यांना सतत कामाला लावायचं तर पाहुण्यांची रांग कधीच तुटता कामा नये. आणि २०१६-१७ चे खेळ एवढे पाहुणे आणत नव्हते. कोर होते, बसून होते.

यावर लाल पक्षाचे लोक म्हणतील, हा एनव्हिडियाचा प्रचार. मग एएमडीचीच साक्ष काढू. ऑगस्ट २०१७ मध्ये याच घराण्यातलं थोरलं कार्ड आलं, आरएक्स व्हेगा ६४: कोर ४०९६, कागदावर १२.६६ टेराफ्लॉप. जुलै २०१९ मध्ये एएमडीने घराणंच बदललं, पंगत ३२ पानांची केली आणि आरएक्स ५७०० एक्सटी आणलं: कोर २५६०, कागदावर ९.७५ टेराफ्लॉप. मित्राच्या पद्धतीने दुहेरी रेघ मारली तर व्हेगा ३० टक्क्यांनी पुढे. प्रत्यक्षात खेळांत ५७०० एक्सटीने व्हेगाला मागे टाकलं. एकाच कंपनीच्या दोन कार्डांत जो आकडा उलटा पडतो, तो दोन कंपन्यांमधला पंच म्हणून कसा चालेल? एकाच चिपच्या दोन आवृत्त्या असतील तर टेराफ्लॉपची तुलना जरूर करा. घराणं बदललं की तो आकडा फक्त शोभेचा.

मित्राच्या कागदावर काय नाही, तेही बघण्यासारखं आहे. त्याने आरओपीची ओळ लिहिलीच नाही. तयार पिक्सेल शेवटी मेमरीत उतरवणारे हे हमाल १०६० मध्ये ४८ आहेत, ५८० मध्ये ३२. क्लॉकने गुणलं तर १०६० सेकंदाला सुमारे ८२०० कोटी पिक्सेल उतरवू शकतं आणि ५८० सुमारे ४३०० कोटी. दुपटीच्या जवळ! मी इथे थांबून टाळी घेऊ शकलो असतो. पण मग माझ्यात आणि मित्रात फरक तो काय? हाही गुणाकारच आहे. १०६० च्या चिपमध्ये त्रिकोणांचे पिक्सेल पाडणारी यंत्रं दोनच, प्रत्येक यंत्र एका ठोक्याला सोळा पिक्सेल देणार. म्हणजे ४८ हमालांपैकी ३२ जणांनाच पोती मिळतात. खरी आघाडी आहे ती क्लॉकची, दुपटीच्या आसपासही नाही. आपल्या बाजूचा आकडासुद्धा झटकून बघावा लागतो तो असा.

बँडविड्थची ओळ मित्राने ठळक लिहिली होती. २५६ विरुद्ध १९२, तेहेतीस टक्के जास्त. रस्ता रुंद आहे हे खरं. पण रस्त्यावर गाड्या किती आणायच्या, हे ज्याच्या त्याच्या घरकामावर ठरतं. ऑगस्ट २०१६ मध्ये डेव्हिड कँटर या अभ्यासकाने एक छोटा प्रोग्राम चालवून दाखवून दिलं की मॅक्सवेल आणि पास्कल पिढीची एनव्हिडिया कार्डं (१०६० हे पास्कलचं) पडद्याचे चौकोनी तुकडे पाडून चित्र रंगवतात. एका तुकड्याचं काम चिपच्या आतल्या कॅशमध्येच उरकतं आणि बाहेरच्या मेमरीकडे खेपा कमी होतात. कंपनीने याचा तोवर गवगवा केलेला नव्हता. शेजारच्या पिक्सेलमधला फरकच तेवढा साठवून जागा वाचवायची युक्ती दोघांकडे होती, पण तुकड्यांची ही रीत ५८० कडे नव्हती. ज्याच्या घरात माळा आहे त्याला बाजारात कमी वेळा जावं लागतं. हे मित्राच्या कागदावर कुठे मांडणार? तसा रकानाच नाही.

मग ही रुंद बँडविड्थ कधी वसूल झालीच नाही का? झाली, आणि अगदी पैन् पै झाली. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. २०१७ मध्ये इथेरियमच्या खाणकामाचं वेड आलं. ते काम म्हणजे प्रचंड तक्त्यातून इथून तिथून तुकडे उचलत राहणं. ना चित्र, ना पंगत, ना तुकड्यांची युक्ती. निव्वळ मेमरीचा रस्ता. तिथे नीट जुळवलेलं ५८० सेकंदाला तीस मेगाहॅशच्या आसपास द्यायचं आणि १०६० बावीस ते चोवीस. कागदावरचं प्रमाण जवळजवळ जसंच्या तसं! म्हणजे आकडा खोटा नव्हताच; त्या ओळीला साजेसं काम मिळालं तेव्हा तो खरा ठरला. तो अर्थात खेळणाऱ्यांच्या उपयोगाचा नव्हता, कारण त्या उन्हाळ्यात ५८० दुकानांतून गायब झालं ते खाणवाल्यांकडे. तेव्हा ज्यांनी १०६० घेतलं त्यांच्यातले किती नावाला भुलले आणि किती जणांना दुकानात जे होतं ते मिळालं, याचा हिशेब मित्राने मांडावा. स्टीमच्या हार्डवेअर सर्वेक्षणात १०६० २०२२ च्या अखेरीपर्यंत वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर होतं. पण खप हा गुणवत्तेचा पुरावा नव्हे, म्हणून तो मी साक्षीला घेत नाही.

आता प्रतिपक्षाचं सगळ्यात वजनदार म्हणणं. ते असं: ५८० मुरतं. जुन्या लोणच्यासारखं. ड्रायव्हर सुधारत गेले, खेळ डायरेक्टएक्स १२ आणि वल्कनवर आले, आणि काळाने त्याला न्याय दिला.

यात तथ्य आहे, आणि त्याचं उत्तम उदाहरण डूम. मे २०१६ मध्ये हा खेळ आला तो ओपनजीएलवर. ओपनजीएलवर पोलारिस कार्डं (पोलारिस म्हणजे ५८० आणि त्याचा थोरला भाऊ आरएक्स ४८० यांची चिप) रडतखडत चालायची. जुलैमध्ये त्याच खेळाला वल्कनचा पर्याय मिळाला आणि ४८० ने एकदम उडी मारली. कार्ड तेच, खेळ तोच, फक्त कार्डाशी बोलायची भाषा बदलली. जुन्या भाषेत सगळी आज्ञापत्रं ड्रायव्हर नावाच्या एका कारकुनाच्या टेबलावरून जायची. एनव्हिडियाच्या कारकुनाने हाताखाली माणसं घेतली होती. एएमडीचा एकटाच शिक्के मारत बसला होता. नव्या भाषेने कारकुनाचं काम बरंचसं खेळ लिहिणाऱ्यांच्या अंगावर टाकलं, आणि रिकामे बसलेले कोर कामाला लागले. ओपनजीएलचा कारकून मात्र २०२२ च्या जुलैपर्यंत तसाच होता. तेव्हा एएमडीने तो ड्रायव्हर मुळातून सुधारला आणि माइनक्राफ्टसारख्या खेळांत फ्रेम झपकन वाढल्या.

पण याला मुरणं म्हणायचं? मित्रा, तू लेखापाल आहेस म्हणून तुझ्याच भाषेत विचारतो. पाच वर्षं थकलेला पगार एकरकमी हातात पडला तर त्याला कोणी बोनस म्हणतं का? ती थकबाकी. २०१७ मध्ये पैसे मोजून घेतलेली ताकद २०२२ मध्ये हाती आली, तर मधल्या वर्षांचं व्याज कोणाच्या नावे? आणि ग्राफिक्स कार्डाचा घसारा तर तुझ्या घसाऱ्याच्या तक्त्यालाही लाजवेल असा. ते शहाणं होईपर्यंत खेळच इतके जड झाले की आघाडीचे ते पाच-दहा टक्के ३८ फ्रेम की ४१ फ्रेम एवढ्यावर आले.

एका ओळीवर मात्र मी हार मानतो: आठ जीबी. मेमरीची धारणशक्ती हा गुणाकार नाही, तो हंड्याचा आकार आहे. सहा जीबीत न मावणारी टेक्स्चर्स कुठल्याही युक्तीने मावत नाहीत. खेळ अडखळतो किंवा गुपचूप धुरकट चित्रं दाखवतो. अलीकडच्या खेळांत ५८० वर टेक्स्चर एक पायरी वर ठेवता येतात ती याच जोरावर, आणि डोळ्याला तो फरक फ्रेमच्या आकड्याहून जास्त कळतो. मित्राने फक्त ही ओळ लिहून खाली रेघ मारली असती तर हा लेख लिहायचं कारणच नव्हतं.

विजेचा मुद्दा १०६० वाले फार ताणतात, त्यांनाही जमिनीवर आणू. १२० वॉट विरुद्ध १८५. फरक ६५ वॉटचा. रोज तीन तास खेळलं तर वर्षाला साधारण ७१ युनिट. दर टप्प्याटप्प्याने बदलतो, हिशेबापुरता दहा रुपये धरला तर सातशेच्या घरात. म्हणजे महिन्याला साठ रुपये. एवढ्यासाठी कोणी कार्ड निवडू नये. खरा प्रश्न एसएमपीएसचा आहे. स्वस्तात जुळवलेल्या मशीनमध्ये जो नाव-गाव नसलेला एसएमपीएस असतो तो सहा पिनांचं १०६० झेलतो. आठ पिनांचं ५८० लागलं की ऐन लढाईत अंधार होतो. आणि हे १८५ वॉट आले कसे, तेही बघा. आरएक्स ४८० चा क्लॉक १२६६, वीज १५० वॉट. तीच चिप ताणून ५८० केली, क्लॉक १३४०. वेगात वाढ सहा टक्क्यांचीही नाही, विजेत २३ टक्के. चौदा नॅनोमीटर सोळापेक्षा लहान म्हणून एएमडीची चिप पुढारलेली, असंही मित्राने समासात लिहिलं होतं. ग्लोबलफाउंड्रीजचे चौदा आणि टीएसएमसीचे सोळा ही कारखान्यांनी आपापल्या प्रक्रियेला दिलेली नावं आहेत, एका फुटपट्टीने घेतलेली मापं नव्हेत. विजेचा हिशेब वर दिलाच आहे.

इथवर मी दोन्ही कार्डांना खेळाच्या मैदानात उभं केलं. पण हा कॉम्प्युटर कोणासाठी होता? मित्राच्या मुलीसाठी, आणि ती खेळत नाही. ती ॲनिमेशन शिकते. दिवसरात्र ब्लेंडर उघडून बसलेली असते. कागदाच्या वर हे एक वाक्य लिहिलं असतं तर खालचे सगळे रकाने खोडावे लागले असते. डिसेंबर २०२१ मध्ये ब्लेंडरची ३.० आवृत्ती आली आणि तिच्यातल्या सायकल्स रेंडररने ओपनसीएल सोडलं. एएमडीसाठी जी नवी वाट काढली ती नव्या घराण्यातल्या कार्डांसाठी. ५८० ला तिच्यावर प्रवेश नाही. त्या दिवसापासून सायकल्सच्या दृष्टीने ५८० हे नसलेलं कार्ड आहे. त्याचे ६.१७ टेराफ्लॉप तिथे शून्य भरतात आणि सगळं रेंडर सीपीयूच्या डोक्यावर येतं. १०६० मात्र एनव्हिडियाच्या स्वतःच्या कुडा या वाटेने आपलं हळू का होईना रेंडर करत राहतं. काम करताना पडद्यावर दिसणारं ब्लेंडरचं दुसरं रेंडरर, ईव्ही, दोन्हींवर चालतं, तेवढं न्यायाने सांगायला हवं. पण रात्री फिल्म रेंडरला लावून झोपायचं असेल तर ४.३७ आणि शून्य एवढाच हिशेब उरतो. एआयचे छोटे प्रयोग करणाऱ्यांची गतही तीच झाली; एएमडीने अशा कामासाठीच्या आपल्या रॉकएम या सॉफ्टवेअरमधून या पिढीचा अधिकृत आधार केव्हाच काढून घेतला. १०६० ने फुशारकी मारावी असंही काही नाही म्हणा, २०२५ मध्ये आलेल्या कुडा १३ मधून पास्कलही बाहेर गेलं.

दोघांचीही संध्याकाळ झाली आहे. एएमडीने २०२३ मध्ये पोलारिसचे ड्रायव्हर वेगळ्या, संथ रुळावर टाकले. एनव्हिडियाने जाहीर केलं की ऑक्टोबर २०२५ नंतर पास्कलला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर नाहीत, ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरती डागडुजी. गंमत अशी की १०६० ला सांभाळणाऱ्या त्या शेवटच्या ड्रायव्हर शाखेचा क्रमांक ५८० आहे! लिनक्सवाल्यांनी मात्र डोळे मिटून एएमडीचं कार्ड घ्यावं. तिथे पोलारिसचा ड्रायव्हर खुला आहे, मेसा प्रकल्पातली माणसं तो अजून जपतात. एनव्हिडियाने आपले जे ड्रायव्हर खुले केले ते पास्कलच्या पुढच्या पिढ्यांपासून. २०१७ च्या चाचण्यांत या ओळीला कोणी भाव दिला नव्हता, मीही दिला नव्हता.

आणि मुळात तुम्ही जे विकत घेताय ते ५८० आहे का? १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं खाणकाम बंद झालं आणि लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावापर्यंत जुन्या पोलारिस कार्डांचा पूर आला. त्या पुरात मीही हात धुऊन घ्यायला गेलो. दुकानाचं नाव सांगत नाही. खोक्यावर ५८०, कार्डावरच्या स्टिकरवर ५८०, भाव ५८० चा. घरी येऊन तपासलं तर कोर २०४८. एएमडीने २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी २०४८ कोरचं एक कार्ड ५८० चं नाव लावून काढलं होतं, जे गुणांनी ५७० च आहे. वर बायोसही खाणवाल्याने मेमरीचे ठोके बदलून भरलेलं. पहिल्याच संध्याकाळी पडद्यावर रंगीत ठिपके. दुकानदार म्हणाला, "साहेब, नाव ५८० आहे ना? मग?" एनव्हिडियाही या बाबतीत धुतल्या तांदळाची नाही. तीन जीबीचं १०६० म्हणून जे विकलं त्यात मेमरीच कमी आहे असं नाही, कोरही ११५२ च आहेत, आणि नावात त्याचा पत्ता नाही.

मित्राने शेवटी ५८० च घेतलं. रेघ मारून झाली होती ना. मुलीचं रेंडर सध्या सीपीयूवर चालतं.

तुम्ही या दोघांपैकी एखादं घ्यायला निघाला असाल तर दुकानात पैसे मोजण्याआधी कार्ड मशीनला लावून घ्या आणि जीपीयू-झेड उघडा. शेडर्सपुढे २३०४ दिसले तर ते ५८०, १२८० दिसले तर ते खरं १०६०. २०४८ दिसले तर ५७० चा भाव विचारा, ११५२ दिसले तर परत ठेवा.